न्हावा शेवा परिसरात उद्योग आणताय? आधी कंटेनरचा प्रवास मोजा, मग जमीन बघा

२६ मे १९८९ रोजी न्हावा शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं, तेव्हा उरण तालुक्याचा हा किनारा म्हणजे मिठागरं, भातखाचरं आणि कोळीवाडे. वयाची चाळिशीही न गाठलेल्या या बंदरातून २०२४-२५ या वर्षात ७० लाखांहून अधिक टीईयू माल हलला. एक टीईयू म्हणजे २० फुटी एक कंटेनर. सप्टेंबर २०२५ मध्ये भारत मुंबई कंटेनर टर्मिनलचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि त्या एका टर्मिनलची क्षमता २४ लाखांवरून ४८ लाख टीईयूवर गेली. १२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं आणि उरणपर्यंतच्या लोकलचंही. त्यानंतर दोन वर्षांच्या आत नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. बंदर, रेल्वे, सागरी सेतू आणि विमानतळ अशा चारही गोष्टी एका तालुक्याच्या अंगणात असलेली जागा देशात शोधून सापडणार नाही. म्हणून नाशिक, सांगली, जालना, कोल्हापूर इथल्या उद्योजकांनी इकडे यावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

पण नवा माणूस येतो तो एजंटाच्या गाडीत बसून थेट प्लॉट पाहायला निघतो. इथेच उलटं होतं. बंदराजवळ पैसा जातो तो दिवसांच्या हिशेबात. माल किती दिवस अडकला, ट्रेलर किती तास उभा राहिला, रिकामा कंटेनर किती उशिरा परत गेला, यावर नफा ठरतो. जमिनीचा दर त्यानंतर येतो. म्हणून पुढच्या पायऱ्या याच क्रमाने चढा.

पायरी १ : महिन्याला किती कंटेनर, ते कागदावर लिहा

आयात, निर्यात की दोन्ही? २० फुटी की ४० फुटी? कोणत्या महिन्यांत किती? हा तक्ता भरल्याशिवाय पुढचा कुठलाच निर्णय घेऊ नका.

मापं लक्षात ठेवा. २० फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते, ४० फुटी उंच कंटेनरमध्ये सुमारे ७६. प्रत्यक्षात खोक्यांमधल्या फटी धरून यातली ८५ टक्के जागा वापरात आली तरी पुष्कळ. वजनदार माल, म्हणजे ग्रॅनाइट, कास्टिंग, साखर, २० फुटीत भरतात, कारण तिथे जागेच्या आधी वजनाची मर्यादा संपते. फर्निचर, कपडे, प्लास्टिकच्या वस्तू ४० फुटीत. तुमचा माल १३ ते १५ घनमीटरपेक्षा कमी असेल तर अख्खा कंटेनर घेऊ नका. एकत्रित मालाच्या कंटेनरमध्ये जागा घ्या, ते स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक कंटेनर दोन फेऱ्या करतो, एक भरलेला आणि एक रिकामा. आयातीत माल उतरवला की रिकामा कंटेनर शिपिंग लाइनने सांगितलेल्या यार्डात परत द्यायचा असतो. निर्यातीत आधी रिकामा उचलून आणायचा असतो. ही यार्डं बहुतेक द्रोणागिरी, भेंडखळ, खोपटा, चिर्ले, धुतूम या पट्ट्यात आहेत. तळोज्यातला कारखाना आणि चाकणचा कारखाना यांतला फरक नकाशावरच्या अंतराच्या दुप्पट जाणवतो तो यामुळे.

आमचं स्पष्ट मत असं आहे की महिन्याला आठ-दहा कंटेनरपेक्षा कमी उलाढाल असेल तर बंदराजवळ स्वतःची जागा घेऊच नका. कारखाना गावीच ठेवा आणि इथे भाड्याच्या गोदामातून किंवा सीएफएसमधून, म्हणजे बंदराबाहेरच्या पण कस्टमच्या देखरेखीखालच्या कंटेनर फ्रेट स्टेशनातून, काम करा. वर्षभराने आकडा वाढलाच तर पायरी २ कडे या. नागपूरकडच्यांनी तर आधी तिथल्या अंतर्देशीय कंटेनर डेपोचे दर घ्यावेत. कस्टमचं काम तिथेच होतं आणि माल रेल्वेने थेट बंदरात उतरतो.

पायरी २ : कोणत्या प्रकारची जागा?

जागांचे चार प्रकार आहेत आणि चारांचे कायदे वेगळे.

जेएनपीएचं (बंदर प्राधिकरणाचं) विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे सेझ, बंदराला लागूनच २७७ हेक्टरवर आहे. जमीन भाडेपट्ट्याने मिळते. आयात कच्च्या मालावर सीमाशुल्क नाही. अट ही की पाच वर्षांच्या हिशेबात परकीय चलनाची कमाई खर्चापेक्षा जास्त हवी, आणि माल देशात विकला तर त्यावर आयात मालासारखंच शुल्क भरावं लागतं. मंजुरी अंधेरीच्या सीप्झमधल्या विकास आयुक्तांकडून मिळते. काही सल्लागार अजूनही सेझमधल्या आयकर सवलतीची गाजरं दाखवतात. नव्या युनिटांसाठी ती सवलत २०२० मध्येच बंद झाली आहे. तुमचा बहुतांश माल परदेशी जात असेल तरच सेझ.

ज्यांचा अर्धा माल देशात आणि अर्धा बाहेर जातो त्यांनी मूवर योजना समजून घ्यावी; हा जागेचा वेगळा प्रकार नव्हे, परवाना आहे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ६५ खाली आपल्याच कारखान्याला बंधपत्रित गोदामाचा परवाना मिळतो. कच्चा माल आणि यंत्रं शुल्क न भरता आत येतात. माल देशात विकला की त्या दिवशी शुल्क भरायचं, तेही व्याजाशिवाय. निर्यात केला तर त्यातल्या कच्च्या मालावर शुल्कच नाही. निर्यातीची सक्ती नाही. पण स्टोअरची नोंद चोख ठेवावी लागते, आणि रोजचा साठा रोज न लिहिणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

एमआयडीसी म्हणजे तळोजा, पाताळगंगा आणि ठाणे-बेलापूर पट्टा. भाडेपट्टा ९५ वर्षांचा. रस्ते, पाणी, वीज तयार असते आणि तळोज्यात सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. उत्पादनासाठी आमची पहिली पसंती एमआयडीसीलाच. दुसऱ्याकडून प्लॉट घेत असाल तर बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आहे का, विकास मुदत संपली आहे का आणि हस्तांतर शुल्क कोण भरणार, हे तिन्ही प्रश्न टोकन देण्याआधी लेखी सोडवा. मुदतवाढीचा दंड विकणाऱ्याचा असतो, पण भरतो घेणारा.

सिडकोचा द्रोणागिरी नोड गोदाम, यार्ड, वाहतूक या कामांसाठी उत्तम. पट्टा ६० वर्षांचा. इथले बरेच भूखंड साडेबारा टक्के योजनेतले आहेत. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण त्याच लढ्यातून आलं. म्हणून असा भूखंड घेताना समोर एकच मालक नसतो. वारस, बहिणी, भाऊबंद असं सगळं कुटुंब असतं. सिडको, मूळ मालक आणि तुम्ही यांचा त्रिपक्षीय करार झाल्याशिवाय रक्कम देऊ नका. वारसदाखल्यातलं प्रत्येक नाव करारातल्या सहीशी ताडून पाहा. बहिणीची सही राहिली, म्हणून पाच वर्षं कोर्टात अडकणारे व्यवहार इथे नवे नाहीत.

चौथा प्रकार म्हणजे गावातली खासगी शेतजमीन. स्वस्त दिसते ती इथेच. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. औद्योगिक वापरासाठी सवलत आहे, पण ती विकास आराखड्यातल्या वापरावर आणि मुदतीत उद्योग सुरू करण्यावर अवलंबून असते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल तर सरकारी परवानगी आणि नजराणा आलाच. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमलं आहे. त्यामुळे कोणत्या गावाचा नकाशा कोण मंजूर करणार, हे त्या-त्या प्राधिकरणाकडून झोन दाखल्यासह लेखी घ्या. तलाठ्याच्या किंवा एजंटाच्या तोंडी शब्दावर भराव टाकायला सुरुवात करू नका.

पायरी ३ : माती, पाणी आणि तिवरं

ही पायरी सगळ्यात जास्त चुकते, म्हणून जरा सविस्तर.

उरणचा खालचा पट्टा खारजमिनीचा आहे. वर मीटर-दीड मीटर मुरुमाचा भराव आणि खाली समुद्री काळी चिकणमाती, काही ठिकाणी कित्येक मीटर खोल. वरून पाहिलं तर मैदान टणक वाटतं. आता हिशेब करा. ३० टनांचा भरलेला कंटेनर जमिनीवर टेकतो तो चार कोपऱ्यांवर, आणि प्रत्येक कोपऱ्याचा लोखंडी ठोकळा असतो सुमारे १७८ बाय १६२ मिलिमीटर, म्हणजे तळहाताएवढा. तीन कंटेनर एकावर एक ठेवले की ९० टन झाले. तळहाताएवढ्या जागेवर साडेबावीस टन. घराच्या अंगणातले पेव्हर ब्लॉक बसवलेलं यार्ड पहिल्या पावसाळ्यात वाटीसारखं खचतं ते यामुळे. मग तिथे पाणी साचतं, फोर्कलिफ्ट कलते, आणि दुरुस्तीसाठी अर्धं यार्ड रिकामं करावं लागतं.

म्हणून सौदा पक्का करण्याआधी माती परीक्षण. एकराला निदान तीन-चार बोअर, कठीण खडक लागेपर्यंत. एकाच बोअरवर भागवू नका, कारण जुन्या खाडीचा फाटा प्लॉटच्या एका कोपऱ्याखालूनही जात असतो. गोदामाचे खांब पाइलवर घेतले आणि जमीन मात्र नुसत्या भरावावर ठेवली, तर खांब जागच्या जागी राहतात आणि फरशी खाली बसते. दाराशी चार-सहा इंचांची पायरी पडते. जमीन आणि डॉक, म्हणजे माल चढवायचा ओटा, यांचाही हिशेब संरचना अभियंत्याकडून करून घ्या. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं. पत्रे, नटबोल्ट, रॅक जस्ताचा थर दिलेले घ्या आणि सळईवरचं काँक्रीटचं आवरण वाचवायला जाऊ नका.

जागा पाहायला उन्हाळ्यात जाऊन उपयोग नाही. जुलै-ऑगस्टमध्ये अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, साडेचार मीटरच्या वरची उधाणाची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी असेल त्या दिवशी जा. भरतीच्या वेळी खाडीची तोंडं बंद होतात आणि पावसाचं पाणी उलटं शिरतं. त्या दिवशी रस्त्यावर पाणी कुठवर येतं त्याची खूण करा, आणि जोत्याची उंची त्याच्या वर घ्या. आजूबाजूला नवा भराव पडत असेल तर अजून वर. पूर्वी जे पाणी शेजारच्या खाचरात जायचं ते आता तुमच्याकडे येणार आहे.

तिवरांची, म्हणजे खारफुटीची, झाडं असतील तर तिथेच थांबा. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार तिवरांपासून ५० मीटरच्या आत बांधकाम, भराव, राडारोडा काहीही चालत नाही, जमीन खासगी असली तरी. सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, नकाशा प्लॉटवर ठेवून पाहा. तिवरं तोडून देतो म्हणणाऱ्याशी व्यवहार करूच नका. गुन्हा तुमच्या नावावर नोंदतो, आणि त्या खाड्यांवर इथल्या कोळी बांधवांचं पोट आहे.

आवाराची मापंही सांगून ठेवतो. ४० फुटी ट्रेलर वळून डॉकला लागायला डॉकसमोर ३० ते ३५ मीटर मोकळी जागा हवी. डॉकची उंची चार ते साडेचार फूट, वर लेव्हलर. फाटक १२ फुटी ठेवून पस्तावलेले खूप आहेत. २० फूट ठेवा.

पायरी ४ : परवानग्या

पॅन, जीएसटी आणि उद्यम नोंदणी आधी. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं बनावट. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीत अडीच कोटी आणि उलाढालीत १० कोटींपर्यंत सूक्ष्म, २५ आणि १०० कोटींपर्यंत लघू, १२५ आणि ५०० कोटींपर्यंत मध्यम.

मग प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना-संमती. बांधकामाच्या आधी, नंतर नव्हे. उद्योग पांढऱ्या गटात असेल तर फक्त कळवायचं असतं. हिरवा, नारिंगी, लाल अशी चढत्या क्रमाने कागदपत्रं वाढतात. उत्पादन सुरू करण्यापूर्वी चालवण्याची संमती वेगळी घ्यावी लागते. नकाशा मंजुरी, अग्निशमनाचा ना हरकत दाखला, डिश म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची मंजुरी, या सगळ्यांचे अर्ज राज्याच्या मैत्री पोर्टलवरून करता येतात. आगीच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून घ्यायचं असतं. विमा कंपनी दाव्याच्या वेळी पहिल्यांदा तेच मागते.

विजेचा अर्ज जमिनीचा ताबा मिळाल्याच्या आठवड्यात करा. उच्चदाबाची जोडणी, रोहित्र, केबलचा खड्डा, रस्ता खोदाईची परवानगी यांत महिने जातात. पाण्याचंही तसंच. उरणला रानसई धरणातून आणि सिडकोच्या भागाला हेटवणेतून पाणी येतं, आणि उन्हाळ्यात कपात होते. पाणी जास्त लागणारा उद्योग असेल तर द्रोणागिरीचा विचार सोडून एमआयडीसीत जा.

अनुदानाबद्दल दोनच शब्द. मुंबईजवळचा हा पट्टा विकसित मानला जातो, त्यामुळे राज्याच्या सवलती मागास तालुक्यांच्या मानाने कमी. तालुका कोणत्या गटात येतो हे जिल्हा उद्योग केंद्रातून लेखी घ्या आणि प्रकल्प अहवालात अनुदान शून्य धरून हिशेब जमतो का ते पाहा.

पायरी ५ : कस्टमची ओळख

आयात-निर्यात कोड डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर ५०० रुपयांत मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत करायचा, बदल काही नसला तरी. विसरलात तर कोड निष्क्रिय होतो आणि ते कळतं नेमकं बंदरात कंटेनर उभा असताना. बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलनाच्या व्यवहारासाठीच्या बँकेच्या क्रमांकाचं) पत्र घेऊन न्हावा शेवा कस्टममध्ये त्याची नोंद करा. निर्यातीसाठी जीएसटीचं हमीपत्र दर आर्थिक वर्षाला नव्याने भरा. ३१ मार्चच्या रात्री जुनं संपतं.

कस्टम ब्रोकर निवडताना दरापेक्षा एक गोष्ट पाहा. तुमच्याच प्रकारचा माल त्याने पूर्वी सोडवला आहे का? रसायनं सोडवणाऱ्याला डाळी जमतीलच असं नाही. आता मालाचं मूल्यांकन चेहराविरहित पद्धतीने होतं, म्हणजे तुमची बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम अर्ज) तपासणारा अधिकारी दुसऱ्या राज्यात बसलेला असू शकतो. त्याने माल पाहिलेला नसतो. बिलात नुसतं «मशिनरी पार्ट्स» लिहिलं तर शंका येणारच. कशाचा भाग, कोणत्या धातूचा, कशासाठी, हे लिहा आणि कॅटलॉगचं पान सोबत जोडा. निम्म्या शंका तिथेच मिटतात.

शुल्काचा हिशेब स्वतः करता आला पाहिजे. विमा-भाड्यासह मालाची किंमत २० लाख आहे, मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के आहे असं धरू. मूळ शुल्क १,५०,०००. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार १५,०००. आता २१,६५,००० वर १८ टक्के म्हणजे ३,८९,७००. एकूण ५,५४,७०० रुपये. आयजीएसटीचं क्रेडिट पुढे मिळतं, पण रोख रक्कम आज लागते. खेळत्या भांडवलात ही रक्कम न धरल्यामुळे पहिलाच कंटेनर अडकतो.

ऑर्डर देण्यापूर्वी आठ आकडी एचएस कोड पक्का करा आणि त्या कोडला बीआयएस, खाद्य परवाना, वनस्पती संगरोध असं काही लागतं का ते पाहा. जुनी यंत्रं आणत असाल तर चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला. माल निघाल्यावर यातलं बरंचसं मिळवता येत नाही.

पायरी ६ : पहिला आयात कंटेनर, दिवसागणिक

जहाज यायच्या दहा दिवस आधी: बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे शिपिंग लाइनने दिलेल्या मालाच्या पावतीचा, मसुदा मागवा. नाव, जीएसटी क्रमांक, वजन, नग, सील क्रमांक अक्षरन् अक्षर तपासा. नंतरची दुरुस्ती कस्टम आणि शिपिंग लाइन दोन्हीकडे पैसे आणि दिवस खाते. मोकळे, म्हणजे भाडं न लागणारे, दिवस किती, हे लाइनकडून बुकिंगच्याच वेळी घासाघीस करून लेखी घ्या. माल निघाल्यावर कुणी ऐकत नाही.

पाच दिवस आधी: मूळ बिल ऑफ लेडिंग कुठे आहे? घोडं पेंड खातं ते इथेच. कागद परदेशी बँकेतून तुमच्या बँकेत यायचे असतात आणि जहाज त्यांच्या आधी पोहोचतं. जवळच्या देशातून माल येत असेल तर पुरवठादाराशी टेलेक्स रिलीज, म्हणजे मूळ कागदाविना माल सोडणं, ठरवा.

आदल्या दिवसापर्यंत: बिल ऑफ एंट्री दाखल झालीच पाहिजे. जहाज येण्याच्या आदल्या दिवसाची अखेर ही मुदत. चुकली तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये दंड.

कंटेनर उतरल्यावर: थेट बंदरातून उचलण्याची सोय, म्हणजे डीपीडी, घेतली असेल तर ४८ तासांत उचला. नाहीतर तो सीएफएसला जातो आणि तिथलं भाडं, उचल, वाहतूक असं सगळं नव्याने सुरू होतं. नव्या आयातदाराने आमच्या मते पहिले तीन-चार कंटेनर सीएफएसमधूनच सोडवावेत. डीपीडीत कागद आधीच तयार हवेत, आणि ती सवय लागायला वेळ जातो.

उशिराचा हिशेब उदाहरणापुरता पाहा. लाइनचं डिटेन्शन रोज ६,००० आणि ग्राउंड रेंट रोज २,५०० धरलं, तर सहा दिवसांचे ५१,००० झाले. बिल ऑफ एंट्रीला दोन दिवस उशीर झाला असेल तर अजून १०,०००. दोन-चार टक्क्यांच्या नफ्यावर चालणाऱ्या धंद्यात २० लाखांच्या मालाची कमाई इथेच संपते. ग्राउंड रेंट जागेचं भाडं आहे आणि डिटेन्शन डब्याचं. दोन्ही एकाच वेळी चालू असतात, आणि रिकामा डबा यार्डात जमा करून पावती घेईपर्यंत दुसरं थांबत नाही.

पायरी ७ : पहिली निर्यात

यार्डातून आलेला रिकामा कंटेनर भरण्याआधी एक माणूस आत पाठवा आणि दारं बाहेरून बंद करा. काळोखात छताला टाचणीएवढं भोक असेल तर उजेड दिसतो. जमिनीला हात लावून ओल पाहा, वास घ्या. रसायनाचा वास असलेल्या डब्यात बेदाणे भरले तर ते तिकडे उतरवूनच घेत नाहीत. खराब डबा परत पाठवायचा हक्क तुम्हाला आहे, पण फक्त भरण्याआधी.

लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५ चा शिक्का हवा, म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेला. भरताना अर्ध्या लांबीत ६० टक्क्यांपेक्षा जास्त वजन येऊ देऊ नका. जहाजाच्या प्रवासात आतल्या हवेतली ओल छताला धरते आणि मालावर ठिबकते, म्हणून ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगा. द्राक्षं किंवा फळं पाठवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की रीफर, म्हणजे शीत कंटेनर, माल थंड करत नाही, थंड माल थंड ठेवतो. प्रीकूलिंग शेताजवळच झालं पाहिजे. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढला. बुकिंगच्या वेळी जहाजाचा मार्ग विचारूनच काढणी ठरवा.

भरून झाल्यावर आरएफआयडी सील, पडताळलेलं वजन, शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम अर्ज). मग ट्रेलर जेएनपीएच्या केंद्रीय पार्किंग प्लाझात जातो, तिथे कस्टमचं काम होतं आणि फॉर्म १३, म्हणजे आत जाण्याचा परवाना, घेऊन टर्मिनलच्या फाटकात. सगळ्यांना जहाजाच्या शेवटच्या दिवसाची कट-ऑफ धरायची असते, म्हणून करळ फाटा, जासई, गव्हाण फाटा इथे रांगा लागतात. कट-ऑफच्या ३६ तास आधी पोहोचेल असं गणित ठेवा. पळस्पे फाट्यावरची कोंडी कमी व्हावी म्हणून पागोटे ते चौक हा २९ किलोमीटरचा सहापदरी रस्ता मार्च २०२५ मध्ये केंद्राने मंजूर केला आहे, पण आजचं नियोजन आजच्या रस्त्यावर करा.

जहाज सुटल्यावर काम संपलं असं समजू नका. जीएसटी विवरणातला बिल क्रमांक आणि शिपिंग बिलातला बिल क्रमांक यांत एका आडव्या रेघेचा फरक असला तरी एसबी००५ ही त्रुटी येते आणि आयजीएसटीचा परतावा अडकतो. दर महिन्याला आइसगेटवर, म्हणजे कस्टमच्या पोर्टलवर, स्थिती पाहा.

माणसं

माल चढवणं-उतरवणं माथाडी कायद्याखाली येतं, १९६९ चा कायदा आहे. माथाडी मंडळात मालक म्हणून नोंदणी करा. मजुरी आणि लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळ कामगाराला देतं. नोंदणी टाळून बाहेरची टोळी आणली की काम बंद पडतं आणि थकबाकी पूर्वलक्षी लागते.

ट्रेलर, क्रेन, सुरक्षा, कॅन्टीन, घरपोच पाणी ही कामं आसपासच्या प्रकल्पग्रस्त कुटुंबांकडे मोठ्या प्रमाणावर आहेत. हे बंदर त्यांच्या मिठागरांवर आणि भातशेतीवर उभं आहे. भरती काढताना आधी जसखार, सोनारी, करळ, नवघर, पागोटे या गावांत फलक लावा, ग्रामपंचायतीला पत्र द्या. फोर्कलिफ्ट, रीच स्टॅकर, संगणकावरची नोंद अशी कामं शिकलेली मुलं-मुली इथेच आहेत. पावसात करळ फाटा तुंबला तरी जवळच्या गावातला माणूस पाळीला हजर असतो.

पहिल्या कंटेनरची फाइल करा. बिल ऑफ लेडिंग, बिल ऑफ एंट्री, शुल्काची पावती, डिलिव्हरी ऑर्डर, रिकाम्या डब्याची पावती, आणि प्रत्येक कागदावर तो हातात आल्याची तारीख आणि वेळ पेनाने. असे दहा कंटेनर झाले की कोणता टप्पा तुमचे दिवस खातो ते दिसेल, आणि जागा कुठे घ्यायची हेही. ही फाइल पाच वर्षं जपून ठेवायची असते, कारण कस्टमचं ऑडिट तोवर कधीही येऊ शकतं.